कलादालन, चषक आणि द्राक्षवेल

वाइन चाखायला आलेल्या पाहुण्याला आधी चित्रे दाखवायची, किंवा चित्रे पाहायला आलेल्या रसिकाच्या हाती शेवटी चषक द्यायचा, ही जोडणी जगातील अनेक द्राक्षप्रदेशांत आता रुळली आहे. फ्रान्समधील बोर्दो आणि प्रोव्हान्स, कॅलिफोर्नियातील नापा, अर्जेंटिनातील साल्टा, ऑस्ट्रेलियातील यारा खोरे येथे वाइनरीच्या आवारातच कलादालने आहेत. भारतात नाशिकच्या आणि कर्नाटकातील नंदी टेकड्यांच्या परिसरात वाइन-पर्यटन वाढत असताना हा नमुना येथेही अनुकरणीय वाटू लागणे स्वाभाविक आहे. अशा वेळी कृषिसंशोधनाच्या बाजूने एक प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. चित्र आणि चषक यांच्या या भेटीत ज्या वेलीवर हा सारा डोलारा उभा आहे, तिचे स्थान कोणते? ती केवळ खिडकीतून दिसणारी हिरवी पार्श्वभूमी राहणार असेल, तर कलादालन हा विक्रीकक्षाचा सजवलेला व्हरांडा ठरतो. तिची कीड, तिची छाटणी, तिच्यासाठी राबणारे हात हे सारे त्या दालनात आले, तर मात्र शेतीला आजवर न मिळालेला एक सुजाण प्रेक्षकवर्ग लाभू शकतो.

लेबलापासून दालनापर्यंत

या जोडणीचा सर्वांत परिचित इतिहास बोर्दोजवळच्या पोइयाक येथील शातो मुताँ रोथशिल्ड या वाइनरीचा आहे. १९२२ साली अवघ्या विसाव्या वर्षी फिलिप द रोथशिल्ड यांनी या मळ्याचा कारभार हाती घेतला. त्या काळी बोर्दोतील मळेवाले आपली वाइन पिंपांतून व्यापाऱ्यांना विकत आणि बाटलीबंद करण्याचे काम व्यापारी करीत. फिलिप यांनी संपूर्ण उत्पादन मळ्यावरच बाटलीबंद करण्याचा आग्रह धरला आणि १९२४ च्या वाइनसाठी झाँ कार्ल्यू या जाहिरात-चित्रकाराकडून लेबल करून घेतले. मालाची जबाबदारी उत्पादकाने स्वतःच्या नावाने स्वीकारली, याची ती खूण होती. १९४५ साली महायुद्ध संपले, तेव्हा लेबलावर विजयाचे ‘व्ही’ हे अक्षर आले आणि तेथून दरवर्षी एका चित्रकाराला पाचारण करण्याची प्रथा पडली. ब्राक, दाली, मिरो, शागाल, वॉरहोल, बेकन अशी नावे त्या यादीत आहेत. मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांचे चित्र २००९ च्या बाटलीवर आहे. या कलावंतांना मानधन पैशांत न देता वाइनच्या पेट्यांच्या रूपात देण्याची रीत आहे.

१९७३ हे वर्ष या मळ्यासाठी दुहेरी महत्त्वाचे ठरले. त्याच वर्षी निधन पावलेल्या पिकासोचे चित्र लेबलावर आले आणि १८५५ च्या प्रतवारीत दुसऱ्या श्रेणीत गणला गेलेला हा मळा पहिल्या श्रेणीत चढला. त्या बढतीच्या आदेशावर सही होती ती फ्रान्सचे तत्कालीन कृषिमंत्री आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जाक शिराक यांची. त्याआधी १९६२ साली मळ्यावर ‘कलेतील वाइन’ या विषयाला वाहिलेले संग्रहालय सुरू झाले होते आणि त्याच्या उद्घाटनाला सांस्कृतिक मंत्री आंद्रे माल्रो उपस्थित होते. एकाच मळ्याच्या चरित्रात कृषी आणि संस्कृती ही दोन्ही खाती अशी सहज भेटतात, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. या संग्रहालयाचा विषयच द्राक्ष आणि वाइन हा असल्याने तेथील वस्तू मळ्याला परक्या वाटत नाहीत.

दुसरी परंपरा संग्राहकांची. स्वित्झर्लंडमधील उद्योजक डोनाल्ड हेस यांनी नापातील माउंट व्हीडरच्या उतारावरील एक जुनी दगडी वाइनरी भाड्याने घेतली आणि १९८९ साली तेथे आपला समकालीन कलासंग्रह लोकांसाठी खुला केला. चित्रे पाहण्यासाठी वेगळे शुल्क नाही, वाइन चाखायची असल्यास तिचा खर्च निराळा, अशी व्यवस्था तेथे अनेक वर्षे होती. याच हेस यांनी पुढे अर्जेंटिनातील साल्टा प्रांतात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवरील कोलोमे या मळ्यावर, प्रकाश हेच माध्यम मानणाऱ्या जेम्स टरेल यांच्या कलाकृतींचे संग्रहालय २००९ साली उभारले. प्रोव्हान्समध्ये एक्स शहराजवळच्या शातो ला कोस्त येथे २०११ पासून द्राक्षबागांमधून पायवाटा काढून शिल्पे आणि स्थापत्यरचना मांडण्यात आल्या आहेत. तेथील कलाकेंद्राची रचना जपानी वास्तुविशारद तादाओ आंदो यांची आहे.

कांस्याची कोळीण आणि बागेतला कोळी

ला कोस्तमध्ये शिरताच उथळ पाण्यावर आठ पाय पसरून बसलेली एक प्रचंड कोळीण दिसते. लुईझ बुर्ज्वा यांचे हे कांस्यशिल्प. बुर्ज्वा यांची आई जुन्या विणीव पडद्यांची डागडुजी करणाऱ्या कार्यशाळेत काम करीत असे; फाटलेले पुन्हा विणणाऱ्या त्या आईचे रूप या कलावतीने आयुष्यभर कोळ्याच्या आकृतीत पाहिले. प्रेक्षक शिल्पाभोवती फिरतात, त्याच्या पायांची लय न्याहाळतात आणि पुढे सरकतात. थोड्याच अंतरावर वेलींच्या ओळींत खरे कोळी जाळी विणून बसलेले असतात, तिकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

मराठीत ‘कोळी’ म्हटले की द्राक्ष बागायतदाराला प्रथम आठवतो तो लाल कोळी, म्हणजे पानांतील रस शोषणारी कीड. जाळे विणणारा मोठा कोळी हा त्याचा दूरचा भाऊबंद. तो तुडतुडे, फुलकिडे, लहान पतंग असे हाती लागेल ते खातो आणि बागेचा फुकटचा राखणदार असतो. एकच नाव असलेल्या या दोघांतील फरक सांगणारा फलक कांस्याच्या कोळिणीशेजारी लावला, तर शिल्पाचे मोल उणावणार नाही. सरसकट सर्व कीटकांना मारणारे औषध फवारले की लाल कोळ्याचे शत्रू आधी मरतात आणि काही आठवड्यांत लाल कोळीच पुन्हा जोमाने वाढतो, ही कीटकशास्त्रातील प्राथमिक गोष्ट आहे. शिल्प पाहून भारावलेल्या माणसाला ती समजणे कठीण नाही. शेतकरी मेळाव्यातील तासाभराच्या भाषणापेक्षा ती अशा ठिकाणी अधिक खोल रुजण्याची शक्यता आहे, कारण तेथे माणूस आधीच थांबून पाहण्याच्या मनःस्थितीत असतो.

एक कौटुंबिक चित्र, एक सूक्ष्म कीटक

चित्र आणि वेल यांचा संबंध ओढूनताणून लावावा लागतो, असा समज असेल तर पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयातील एका चित्राकडे पाहावे. फ्रेदेरिक बाझीय या तरुण चित्रकाराने १८६७ साली माँपेलियेजवळच्या मेरिक येथील आपल्या घराच्या गच्चीवर जमलेल्या कुटुंबीयांचे मोठे चित्र रंगवले. झाडाच्या सावलीत बसलेल्या आप्तांत त्याचे वडील गास्ताँ बाझीय आहेत. कलेच्या इतिहासात हे चित्र दृक्‌प्रत्ययवादाच्या उंबरठ्यावरचे म्हणून ओळखले जाते. चित्रातील वडील कोण होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

गास्ताँ बाझीय हे एरो जिल्ह्यातील कृषी मंडळाचे धुरीण होते. १८६० नंतरच्या दशकात दक्षिण फ्रान्समधील द्राक्षबागा कारण न कळता वाळू लागल्या होत्या. जुलै १८६८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ झ्यूल-एमिल प्लाँशाँ, गास्ताँ बाझीय आणि फेलिक्स साऊ यांची तुकडी पाहणीसाठी सँ-रेमी परिसरात गेली. मेलेल्या वेली उपटून पाहिल्या, तेव्हा मुळांवर काहीच सापडले नाही. मग शेजारची, वरून निरोगी दिसणारी वेल उपटण्यात आली. भिंगाखाली तिच्या मुळांवर पिवळसर रंगाच्या, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या, रस शोषणाऱ्या कीटकांची दाटी दिसली. मेलेल्या मुळांत अन्न उरत नसल्याने कीटक तेथून आधीच पसार झालेले असत. हाच तो फायलोक्सेरा. चित्रात निवांत बसलेला गृहस्थ वर्षभरातच फ्रान्सच्या शेतीवरील सर्वांत मोठ्या संकटाचे कारण हुडकणाऱ्या तिघांपैकी एक ठरला. त्याचा चित्रकार मुलगा १८७० च्या युद्धात एकोणतिसावे वर्ष पूर्ण होण्याआधीच मारला गेला.

संकटाचे आकारमान आकड्यांत सांगायचे तर १८७५ साली फ्रान्समध्ये सुमारे ८.४ कोटी हेक्टोलिटर वाइन झाली होती. १८८९ मध्ये ते उत्पादन सुमारे २.३ कोटींवर आले. उपायांचे प्रयोग अनेक झाले. सँ-रेमीपासून जवळच असलेल्या ग्राव्हझाँ येथे लुई फोकाँ या मळेवाल्याने हिवाळ्यात बाग आठवडेच्या आठवडे पाण्याखाली ठेवून कीटक बुडवण्याची पद्धत बसवली. टिकाऊ उत्तर मात्र अमेरिकेतून आले. हा कीटक मूळ अमेरिकेतला असल्याने तेथील रानद्राक्षांची मुळे त्याला दाद देत नव्हती; त्या खुंटावर युरोपीय वाणाचे कलम बांधणे हा तोडगा ठरला. या कामात प्लाँशाँ यांना साथ देणारे मिसूरी राज्याचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली हे स्वतः उत्तम चित्रकार होते. कीटकांची त्यांनी काढलेली रेखाटने आजही शास्त्र आणि कला या दोन्ही निकषांवर टिकतात. छायाचित्रणाची सोय तोकडी असलेल्या त्या काळात अचूक चित्र हेच कीटक ओळखण्याचे मुख्य साधन होते.

विन्सेंट व्हॅन गॉगने ‘लाल द्राक्षमळा’ हे चित्र नोव्हेंबर १८८८ मध्ये आर्ल येथे रंगवले, ते याच प्रदेशात. मावळतीच्या प्रकाशात तोडणी करणाऱ्या बायकांचे हे चित्र त्याच्या हयातीत विकल्या गेलेल्या मोजक्या चित्रांपैकी एक म्हणून प्रसिद्ध आहे. ते ॲना बोक या चित्रकर्तीने विकत घेतले. चित्रातील लाल रंगाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्या सँ-रेमीत फायलोक्सेरा हुडकला गेला, तेथून हा मळा फार दूर नव्हता आणि त्या शोधाला तेव्हा जेमतेम वीस वर्षे झाली होती, एवढी एक ओळ जरी चित्राखाली असली तरी त्या बायकांच्या वाकलेल्या पाठींकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

या कथेचा धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. येथील बहुसंख्य द्राक्षबागा आज ज्या ‘डॉगरिज’ खुंटावर उभ्या आहेत, त्याची निवड टेक्ससमधील रोपवाटिकाकार टी. व्ही. मन्सन यांनी तेथील रानद्राक्षांतून केली होती. फ्रान्सला फायलोक्सेराविरुद्ध खुंट पुरवण्यात साह्य केल्याबद्दल फ्रेंच सरकारने १८८८ साली ज्यांचा गौरव केला, तेच हे मन्सन. महाराष्ट्रात हा खुंट स्वीकारला गेला तो कीटकासाठी नव्हे, तर पाण्याचा ताण आणि क्षारयुक्त जमीन यांना तोंड देण्यासाठी. वाइनरीच्या एखाद्या दालनात बाझीयच्या चित्राची प्रतिकृती आणि तिच्याशेजारी डॉगरिजवर बांधलेल्या कलमाचा छेद ठेवला, तर दीडशे वर्षांचा आणि तीन खंडांचा इतिहास एका नजरेत येतो.

पाहुण्याच्या बुटांची माती

कीटकशास्त्राला या जोडणीविषयी एक सावधगिरीचा शब्दही उच्चारावा लागतो. यारा खोऱ्यात टॅरावॉरा वाइनरीला लागून २००३ साली एक उत्तम कलासंग्रहालय सुरू झाले. २००६ च्या अखेरीस याच खोऱ्यात फायलोक्सेरा आढळला. तेथील बहुतेक वेली कलमाविना, स्वतःच्याच मुळांवर वाढवलेल्या असल्याने धोका मोठा होता. पाहुण्यांनी वेलींच्या ओळींत शिरू नये, बूट आणि वाहने निर्जंतुक करावीत, असे नियम तेथे करावे लागले. हा कीटक बुटांच्या तळव्याला चिकटलेल्या मातीतून, कपड्यांवरून, यंत्रांच्या चाकांवरून सहज प्रवास करतो. एकाच दिवशी चार वाइनऱ्या पाहणारा रसिक चार बागांना जोडणारा दुवा असतो.

भारतातील बागांतही हे लक्षात ठेवावे लागेल. पिठ्या ढेकणाची पिले कपड्यांना चिकटून एका बागेतून दुसरीत जाऊ शकतात. शिवाय फवारणीनंतर ठरावीक काळ बागेत कोणी शिरू नये, हा नियम मजुरांच्या बाबतीतही धड पाळला जात नाही. तेथे सहलीला आलेल्या मुलांच्या बाबतीत तो पाळला जाईल, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून बागेतून नेणाऱ्या कलावाटेची आखणी करताना वास्तुविशारदाबरोबर पीकसंरक्षण जाणणारा माणूसही नकाशावर वाकलेला असला पाहिजे. वाट बागेच्या कडेने असावी, प्रवेशाशी पाय धुण्याची सोय असावी आणि फवारणीचे वेळापत्रक ठळकपणे लावलेले असावे. हे खर्चिक नाही. त्यासाठी केवळ आठवण ठेवावी लागते.

डोळा आणि जीभ

चित्रे पाहून लगेच वाइन चाखणे कितपत योग्य, हाही विचार करण्यासारखा मुद्दा आहे. २००१ साली बोर्दोतील मोरो, ब्रोशे आणि द्यूबुर्द्यू या संशोधकांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे पांढरी वाइन ठेवली आणि तीच वाइन गंधहीन रंग घालून लाल करून पुन्हा ठेवली. लाल केलेल्या वाइनचे वर्णन करताना विद्यार्थ्यांनी लाल वाइनला लावले जाणारे गंधवाचक शब्दच वापरले. नाक आणि जीभ डोळ्यांच्या कह्यात किती सहज जातात, हे त्यावरून दिसते. फळांच्या किंवा धान्याच्या चवीची परीक्षा करणाऱ्या प्रयोगशाळांत रंगाचा परिणाम टाळण्यासाठी गरजेनुसार लाल दिवे लावतात, ते याच कारणाने.

यातून निघणारा निष्कर्ष असा, की भव्य दालनातून आलेल्या पाहुण्याला वाइन अधिक चांगली ‘वाटते’ आणि विक्रेत्याला ते ठाऊक असते. यात फसवणूक आहे असे म्हणण्याचे कारण नाही. मंद दिवे आणि संगीत यांचाही तोच हेतू असतो. पण ज्याला चाखणे शिकवायचे आहे, त्याने चित्र आणि चषक यांच्यात भिंत आणि थोडा वेळ ठेवावा. चाखण्याची खोली साधी, उजेडाची, वासविरहित असावी. चषकात घोटभरच वाइन असावी, पिकदाणी हाताशी असावी आणि ती वापरणे हा अनादर समजला जाऊ नये.

नीट शिकवले, तर जीभ पाहुण्याला पुन्हा बागेकडेच घेऊन जाते. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात २००१ च्या हंगामातील बऱ्याच वाइनला ढोबळी मिरची आणि शेंगदाण्यासारखा विचित्र वास आला. शोध घेता घडांतील बहुरंगी आशियाई चित्रांग भुंगेरे द्राक्षांबरोबर चिरडले गेल्याचे आढळले. त्यांच्या अंगातील मेथॉक्सिपायराझिन या संयुगांचा तो वास होता. याच गटातील संयुगांमुळे कॅबरने सोव्हिन्यॉ या वाणाला त्याचा हिरवट गंध मिळतो. म्हणजे वाणाची ओळख आणि किडीचा डाग एकाच रसायनकुळातले निघाले. इटलीतील संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिले, की किण्वन घडवणारे यीस्ट हिवाळाभर गांधीलमाश्यांच्या आतड्यांत टिकून राहते. वाइनच्या घोटात कीटकांचा सहभाग इतका जुना आणि इतका जवळचा आहे.

येथील बाग, येथील हात

महाराष्ट्राने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले. विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क झाले. कर्नाटकाने २००७ मध्ये स्वतःचे धोरण आणले. करारशेतीच्या भरवशावर अनेकांनी खाण्याच्या द्राक्षांऐवजी वाइनचे वाण लावले. २००८ च्या मंदीनंतर मागणी घटली, तेव्हा घेणारे उरले नाहीत आणि पुष्कळांनी उभ्या बागा तोडल्या. खाण्याचे द्राक्ष एका बाजारात नाही तर दुसऱ्या बाजारात विकता येते, बेदाणाही करता येतो. वाइनचे लहान मण्यांचे, बियांचे द्राक्ष वाइनरीने नाकारले तर त्याला दुसरे घर नसते. पर्यटनाने आणि कलेने ब्रँडची किंमत वाढते, हे खरे. त्या वाढीतील किती वाटा करारातील दरापर्यंत झिरपतो, हा प्रश्न कलादालनाच्या उद्घाटनाच्या दिवशीही विचारला गेला पाहिजे.

हातांचा प्रश्न याहून नाजूक आहे. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, डोळ्यांना पेस्ट लावणे, विरळणी, तोडणी ही कामे दिंडोरी-निफाडच्या पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागांतून येणारे कोकणा, महादेव कोळी, वारली समाजांचे स्त्री-पुरुष करतात. त्याच वेळी पर्यटनस्थळांच्या भिंतींवर वारली चित्रांची नक्षी सर्रास दिसते. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने काढली जाणारी ही चित्रे मुळात लग्नघरातली आणि शेतीच्या वर्षचक्रातली. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी त्यांना जगापुढे नेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. भिंतीवर वारली नाच आणि बागेत वारली मजूर, पण चित्राखाली चित्रकाराचे नाव नाही आणि मजुराच्या मुलाला दालनात प्रवेश नाही, अशी स्थिती कोठे निर्माण होत असेल, तर तिला कलाप्रेम म्हणता येणार नाही. मुताँच्या प्रत्येक लेबलावरील चित्रकार नावाने ओळखला जातो. तोच न्याय पालघर-नाशिकच्या चित्रकाराला लागू व्हावा, एवढीच अपेक्षा आहे.

आक्षेपांचे मोल

कृषिसंशोधनाने मद्याशी निगडित पर्यटनाची भलामण का करावी, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. मद्यपानाची कोणतीही पातळी आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमधून वाइनविक्रीला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा शेतकऱ्याचे हित आणि समाजाचे हित यांवरून तीव्र वाद झाला. ‘वाइन म्हणजे फळांचा रसच’ अशी सोपी मांडणी शास्त्राला शोभत नाही. वाइनमध्ये साधारण बारा-तेरा टक्के अल्कोहोल असते आणि ते इतर मद्यांतील अल्कोहोलच असते.

परंतु याच आक्षेपात कलादालनाच्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद दडलेला आहे. आज वाइनरीत जाण्याचे एकच प्रयोजन आहे, ते म्हणजे वाइन. जो पीत नाही, जिला प्यायचे नाही, ज्याचे वय नाही, त्यांच्यासाठी तेथे काहीच नसते. कलादालनाला स्वतंत्र प्रवेशद्वार, स्वतंत्र तिकीट आणि स्वतंत्र वेळ असेल, तर शाळेची सहल, बचत गटातील महिला, कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी, शेजारच्या गावचे वृद्ध असे सारेच त्या आवारात हक्काने येऊ शकतात. दालनातून बाहेर पडण्याची वाट विक्रीच्या काउंटरवरूनच जात असेल, तर मात्र तो हेतू तेथेच संपतो.

करण्याजोगे काही

महाराष्ट्राच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाने शेतावर पाहुणे आणण्याला अधिकृत चौकट दिली आहे. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे वाण, खुंट, कीड आणि रोग यांविषयीचे ज्ञान आहे. नंदी टेकड्यांपासून फार दूर नसलेल्या बेंगळुरूत राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो आहे; दिल्लीतील पुसा संस्थेचा राष्ट्रीय कीटकसंग्रह देशातील अमूल्य ठेवा आहे. रांचीच्या संस्थेत लाखेच्या कीटकावर १९२४ पासून अभ्यास चालू आहे. लाखेपासून मिळणारा लाल रंग भारतीय कारागिरांच्या हाती शतकानुशतके होता, हे सांगणारे दालन तर कला आणि कीटकशास्त्र यांचे हक्काचे मीलनस्थान ठरेल. या संस्था आणि वाइनऱ्या यांच्यात साधे सहकार्याचे करार झाले, तर प्रदर्शनासाठी लागणारे नमुने, भिंगाखालची दृश्ये आणि माहितीफलक फारशा खर्चाविना उपलब्ध होतील.

अशा दालनात काय असावे? वर्षाचे दोन छाटण्यांत विभागलेले कॅलेंडर, शेतकऱ्याच्या नजरेने काढलेले. फळछाटणीनंतर फुटणारे डोळे कुरतडणारा उडद्या भुंगेरा, रेखाटनात दहापट मोठा केलेला. म्हणजे एक डोळा गेला की एक घड गेला, हे लहान मुलालाही कळेल. घडावर साखरपाझर करून काळी बुरशी आणणारा पिठ्या ढेकूण आणि त्याच्यावर ताव मारणारा क्रिप्टोलेमस हा परभक्षी भुंगेरा, ज्याला १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणण्यात आले. बाग तोडण्याची वेळ आलेल्या शेतकऱ्याचे निवेदन, त्याच्याच शब्दांत. तोडणी करणाऱ्या बायकांची व्यक्तिचित्रे, त्यांच्या नावांसह. आणि या सर्वांबरोबर, या सर्वांना उत्तर देणारी, आजच्या चित्रकारांनी त्या बागेत राहून केलेली कामे.

कर्नाटकातील एका जुन्या वाइनरीने भारतीय चित्रकारांची चित्रे आपल्या बाटल्यांवर घेतली आहेत. सुरुवात झालेली आहे. पुढचे पाऊल बाटलीकडून बागेकडे पडावे. फायलोक्सेरा हुडकणाऱ्या त्या तिघांना उत्तर मिळाले, ते मेलेली वेल सोडून शेजारची हिरवी वेल उपटून पाहिली तेव्हा. वरून सुखरूप दिसणाऱ्या गोष्टीच्या मुळाशी पाहणे ही सवय शास्त्राला जितकी लागते, तितकीच कलेला लागते. वाइनरीच्या कलादालनाने पाहुण्याला ती सवय लावली, तर त्यातून घरी जाणारा माणूस वाइनची बाटली घेऊन गेला की रिकाम्या हाताने गेला, याला शेतीच्या दृष्टीने फारसे महत्त्व उरणार नाही. बाजारातील द्राक्षाच्या घडाकडे तो पुन्हा पूर्वीच्या नजरेने पाहणार नाही, हे पुरेसे आहे.